केळीच्या घाट्याला कांदा चालतो

परवा आमच्या गल्लीत नवीनच राहायला आलेल्या एका बाईंनी मला केळीचा घाटा शिकवला. कच्ची केळी सोलायची, केळीच्याच पानात बांधून वाफवायची, पानासकट दाबून मऊ करायची आणि वर दाण्याची आमटी. "आमच्या माहेरी शिवरात्रीला हाच असतो, पिढ्यान्‌पिढ्या," असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कांदा किती घालायचा?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरले. उपासाला कांदा! मी गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे सासरची सगळी माणसं शपथेवर सांगतील. पण हा घाटा धुळ्यात कुणी आणला आणि त्यातला कांदा कुणी काढला, हे सांगायला बसले असते तर बाईंची गॅसवरची डाळ करपली असती. म्हणून इथे सांगते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याच्या देवपुरात आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझ्या सासूबाईंची खानावळ होती. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणायचे. कॉलेजची पोरं आणि दोन-चार बिनलग्नाचे कारकून असे वीसेक मेंबर जेवायला असत. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. ते शिरपूरकडे तापीकाठी केळीच्या मळ्यात राहायचे आणि दर शनिवारी एसटीने यायचे. येताना वांगी, मिरच्या, केळ्यांची एखादी पिकलेली फणी आणायचे आणि जाताना आमच्या स्वयंपाकात काय चुकलं ते सांगून जायचे. आबांची एक सवय मात्र आधीच सांगून ठेवते. त्यांनी उभ्या आयुष्यात कधी ताट पुढं करून काही मागितलं नाही. जेवण संपत आलं की ते ताटावर हात आडवा धरायचे. लग्नात, तेराव्याला, स्वतःच्या घरात, सगळीकडे तोच आडवा हात. अक्कांचा त्यांच्याशी चाळीस वर्षांचा संसार झाला होता, पण आपला स्वयंपाक नवऱ्याला आवडतो का, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

अशा या खानावळीत एक दिवस युगांडाचा एक विद्यार्थी दाखल झाला. फार्मसी शिकायला भारतात आला होता. पुण्यात प्रवेश हुकला, म्हणून कुणीतरी त्याला धुळ्याच्या गाडीत बसवून दिलं होतं. त्याचं नाव इतकं लांब होतं की अक्का त्याच्या मध्यावर पोचून दम घ्यायच्या, म्हणून गल्लीने त्याला युगांडाभाऊ करून टाकलं. मी बी.ए. झालेली, म्हणून घरातलं इंग्रजी खातं माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी भानगड झाली. अक्कांनी त्याच्या ताटात चपाती वाढली आणि तो आनंदाने ओरडलाच, "चपाती! तुम्ही लोकसुद्धा आमची चपाती खाता?"

मी भाषांतर केलं. नसतं केलं तर बरं झालं असतं.

"आमनी शे ती," अक्का म्हणाल्या. "यानी कशी व्हई?"

तो बिचारा समजावून सांगू लागला की चपाती त्यांच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, त्याची आई करते, आजीही करायची. अक्कांनी लाटणं हातात घेऊन सगळं ऐकून घेतलं आणि पुढचे आठ दिवस त्याला फक्त भाकरी वाढली. चपातीचा वाद आमच्या घरात आजही मिटलेला नाही.

भाकरीने त्याचं काही बिघडलं नसतं, बिघडवलं तिखटाने. आमच्याकडची शेवभाजी म्हणजे वर लाल तर्री, खाली काळा मसाला आणि तळाशी शेव. पहिला घास घेतला की युगांडाभाऊच्या डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून. तिसरा घास तो घ्यायचाच नाही. गोडबोल्या होता, पोटावर हात फिरवून "बठ्ठं छान शे, अक्का," म्हणायचा आणि हळूच उठायचा. बठ्ठं म्हणजे सगळं; ही अहिराणी त्याने अक्कांकडूनच उचलली होती. तीच प्रमाण मराठी समजून कॉलेजात प्राध्यापकांशीही बोलायचा. चार महिन्यांत त्याच्या पँटला तीन नवी भोकं पाडलेला पट्टा आला.

एके दुपारी तो माझ्याकडे निळं पत्र घेऊन आला. त्याचा चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा. पत्र त्याच्या आईचं होतं. झालं होतं ते असं. पोरगं परमुलखात उपाशी मरतंय या काळजीने आई रडून रडून पत्रं लिहायची. तिला बरं वाटावं म्हणून याने एक थाप ठोकून दिली. मी इथं स्वतः मटोके रांधतो, असं लिहिलं. मटोके म्हणजे त्यांच्याकडचं लग्नाकार्यातलं मानाचं जेवण. हिरवी केळी पानात बांधून वाफवायची, मऊ करायची आणि वर कांदा-टोमॅटो घातलेला दाण्याचा रस्सा. थाप एवढ्यावरच थांबली असती तर निभावलं असतं. पण त्याने पुढे लिहिलं, की इथली माणसं ते इतकं आवडीने खातात की ताट पुढं करून परत मागतात.

आई एवढी खूश झाली की तिने ते पत्र साऱ्या गावाला वाचून दाखवलं. आणि आता लिहिलं होतं: माझ्या हातची चव ज्यांना आवडली त्यांचा एक फोटो पाठव, मला त्यांना बघायचंय. त्यांच्या गावचा एकजण पुण्यात शिकत होता, तो मार्चमध्ये घरी जाणार होता, त्याच्याबरोबर पाठव.

"त्यात काय," मी म्हणाले. "मेंबरांच्या हातात भरलेली ताटं देते, हसायला सांगते, फोटो काढून टाकू."

तो म्हणाला, "वहिनी, माझी आई फोटोत तोंडं बघत नाही. ताटं बघते."

माझी आईपण तशीच होती. मग मी छातीवर हात ठेवून सांगितलं, मार्चच्या आत या गावातली माणसं तुझे मटोके मागून खातील, मी बघते. मला असं छातीवर हात ठेवायची फार खोड आहे.

पहिली अडचण केळ्यांची. आबा शनिवारी आले तेव्हा मी हिरवा घड मागितला.

"पिकाडासले?" आबांनी विचारलं.

"नाही, खायला. कच्चीच."

आबांनी माझ्याकडे, मग अक्कांकडे, मग युगांडाभाऊकडे बघितलं. "कच्चं केळं ढोरे खातस," ते म्हणाले. हिरवा घड म्हणजे ट्रकमध्ये चढवायचा माल. तो कुणी ताटात घेऊन बसतं, हे त्यांच्या पन्नास वर्षांच्या बागाईतीत बसेना. तरी पुढच्या शनिवारी घड आणला. तो युगांडाभाऊच्या हातात न देता त्यांनी गोठ्याजवळ ठेवला, म्हणजे चूक झालीच तर म्हैस जवळ असावी.

युगांडाभाऊने हाताला तेल चोळलं, चीक लागू नये म्हणून, आणि सुरीने केळी सोलली. ही आमची केळी नव्हेत पण चुलतभाऊ नक्की आहेत, असं म्हणाला. पानात गाठोडं बांधलं, केळीच्या सोपटाच्या दोरीने आवळलं, पातेल्यात खाली केळीचे दांडे रचून त्यावर ठेवलं. दोन तास वाफ. मध्येच बाहेर काढून पानावरूनच दाबलं, पुन्हा ठेवलं. उघडलं तेव्हा आत पिवळाधमक मऊ गोळा होता. मला तर वासच आवडला, हे मी खरं सांगते.

मेंबर ताटावर बसले. पहिल्याने घास घेतला आणि विचारलं, "वहिनी, तिखट विसरलात का?" दुसऱ्याने तिखटाची बरणी मागवली. तिसऱ्याने त्यावर कालच्या शेवभाजीचा रस्सा ओतला. एका कारकुनाने साखर घातली. मग सगळे अगदी सभ्यपणे "वा, वेगळंच आहे" म्हणाले आणि भाकरी मागू लागले. युगांडाभाऊ दारात उभा राहून ताटं बघत होता. म्हशीला त्या दिवशी मेजवानी झाली.

मेंबर मेले अडाणी, बायकांना चव कळते, असं मी ठरवलं. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या हातात वाटीभर मटोके ठेवले. बायकांनी वाटीत बघितलं. पिवळं, मऊ, बिनतिखटाचं. एकीने हलक्या आवाजात विचारलं, "घरात कुणाला बरं नाही का?"

मी नाही म्हणाले. पण मी फार जोरात नाही म्हणाले असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत बातमी होती की आमच्या ह्यांना कावीळ झाली आहे. आमचे हे तेव्हा दारात उभे राहून तीन वाट्या मिसळ खात होते. तरी चौघीजणी मुगाची खिचडी घेऊन आल्या. एक शेजारी कुठलासा पाला घेऊन आले आणि ह्यांच्या डोळ्यांच्या कडा ओढून बघू लागले. दोन मेंबर खानावळ सोडून पलीकडच्या गल्लीत जेवायला गेले. काविळीचा आजार पाण्यातून पसरतो म्हणे. आठवडाभर हे रोज संध्याकाळी चौकात जाऊन जिभेपर्यंत तोंड उघडून दाखवून येत. आमच्या भागात बिनतिखट जेवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण, हे मला जन्मापासून ठाऊक असायला हवं होतं. आणि मी ते वाटीत घालून वाटलं.

युगांडाभाऊ म्हणाला, "वहिनी, मी आईला खरं लिहितो." त्याने ते इतक्या शांतपणे सांगितलं की मला रडू आलं. मी चिडले की मला रडू येतं. मी त्याच्यावरच ओरडले, "अजून फेब्रुवारी आहे!"

सुटका अक्कांनी केली, तीही भांडता भांडता. पातेलं घासायला घेऊन त्या आमच्या दोघांच्या नावाने बडबडत होत्या. काय ते रांधतात, ना त्याला फोडणी ना तर्री. "केळं शे, शेंगदाना शे, मीठ शे..." आणि त्या थांबल्या. हातातली राख तशीच. मग त्यांनी मला हाक मारली, ती पांझरा नदीच्या पलीकडे ऐकू गेली असेल.

"हाई ते बठ्ठं उपासनं शे!"

मी कपाळावर हात मारला. कच्चं केळं उपासाला चालतं, त्याचे वेफर आपण खातोच. दाण्याची आमटी तर उपासाचीच. भगरीच्या जागी केळं, बस. आणि महाशिवरात्र तीन आठवड्यांवर.

आता युगांडाभाऊला समजावणं आलं. उपास म्हणजे काय, हे त्याने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे आमचं लग्नाचं जेवण तुम्ही न जेवायच्या दिवशी जेवणार?" मी त्याला साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, बटाट्याचा चिवडा, दही, केळी आणि खजूर अशी यादी सांगितली. "हे सगळं एका दिवशी?" त्याने विचारलं. हो म्हटल्यावर त्याला आमच्या धर्माबद्दल एकदम आदर वाटू लागला.

खरी लढाई कांद्यावरून झाली.

"कांदा टाका ते उपास मोडस," अक्का.

"कांदा नाही तर रस्सा नाही," युगांडाभाऊ. "माझी आई आधी कांदाच चिरते."

"टमाटं बी नही."

"टोमॅटोने काय केलं?"

टोमॅटोने काय केलं हे अक्कांनाही माहीत नव्हतं, पण तो त्यांच्या माहेरी चालत नव्हता. मग अक्का म्हणाल्या हिरवी मिरची, जिरं आणि वर लिंबू. तो म्हणाला, मग माझ्या आईचं त्यात काय उरलं? अक्कांनी हातातली मिरची खाली ठेवली. आणि म्हणाल्या, "तुना हात." आणि मिरच्या चार ठरल्या होत्या त्या त्यांनी आपणहून दोन केल्या.

महाशिवरात्रीसाठी आबा तीन घड आणि मोठाली पानं घेऊन आदल्याच दिवशी आले. ढोरांचा विषय त्यांनी काढला नाही. उपासाचं म्हटल्यावर केळ्याची पत वाढली होती. अंगणात चूल मांडली, लग्नाचं पातेलं चढवलं. काविळीवाल्या गल्लीतल्या सगळ्या घरांना अक्कांनी स्वतः जाऊन सांगितलं, शिवरात्रीचा फराळ आमच्याकडे, केळीचा घाटा. फोटोग्राफरला बाराची वेळ दिली.

बारा वाजले, फोटोग्राफर नाही. साडेबारा. माणसं सकाळपासून निव्वळ चहावर. उपासाच्या दिवशी माणूस जेवढा भुकेला असतो तेवढा इतर दिवशी नसतो, हे माझं ठाम मत आहे. मी सांगत होते, थोडं थांबा, फोटो काढायचाय, ताटं भरलेली दिसली पाहिजेत. अक्कांनी गाठोडं उघडलं आणि वाफ अंगणभर झाली. झालं, माझं कुणी ऐकेना.

युगांडाभाऊ वाढत गेला. सगळे खाली मान घालून खाऊ लागले आणि अंगण शांत झालं. मला धडकी भरली, पुन्हा म्हैस. मग मागून एक आवाज आला, "अजून आहे का रे भाऊ?" मग दुसरा. "इकडं आण." साखर घालणारा कारकून म्हणाला, "आमटी ओत, आमटी." सोडून गेलेले दोन्ही मेंबर परत आलेले होते, ते तर उभेच राहिले. युगांडाभाऊ पातेलं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता आणि तोंडाने काहीतरी त्याच्या भाषेत म्हणत होता. मला ते कळलं नाही, पण मला रडू आलं. या वेळी मी चिडलेली नव्हते.

दीड वाजता फोटोग्राफर लूनावरून आला. कुणाच्या तरी साखरपुड्यात अडकला होता. अंगणात चाळीस माणसं आणि चाळीस रिकामी ताटं. रिकामी म्हणजे बोटाने पुसून काढलेली.

"ताटं भरा," फोटोग्राफर म्हणाला.

"कशाने?" मी म्हणाले. पातेलं रिकामं होऊन आत मोरीत गेलं होतं.

तो घाईत होता. "सगळे इकडं बघा," म्हणाला. आणि नेमकं तेव्हाच ओळीच्या शेवटी बसलेल्या आबांनी आडवा धरायचा हात उचलला, ताट धरलं आणि पुढं केलं. "वाढ ना रे, भाऊ."

अक्कांच्या हातातला झारा खाली पडला. युगांडाभाऊ आत धावला, तळाला काही खरवडून मिळतं का बघायला. फ्लॅश पडला. तळाला काहीही मिळालं नाही. आबा "ऱ्हाऊ दे" म्हणाले आणि हात धुवायला उठले.

फोटो धुऊन आला तो बघून मी डोक्याला हात लावला. चाळीस माणसं, चाळीस लखलखीत रिकामी ताटं, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो फोटोत नाहीच. मी म्हटलं, दुसरा काढू. पण पुण्याचा मुलगा दोन दिवसांत निघणार होता. युगांडाभाऊने तोच फोटो पाकिटात घातला. कांद्याचं काही लिहू नकोस, असं मी त्याला बजावलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. तो शनिवार होता, आबा ओट्यावर बसले होते. युगांडाभाऊ वाचत होता, मी मराठीत सांगत होते, आणि अक्का मध्ये मध्ये मला घाई करत होत्या.

आईने लिहिलं होतं: फोटो मिळाला. माणसं चांगली दिसतात. पण सगळ्यांची ताटं रिकामी का? तू आधी फोटो काढायला बसवलंस आणि वाढलं नाहीस? तुला मी असं वाढवलं का? आणि तू कुठे आहेस? तू आत वाढायला घ्यायला गेलास, असं मी सगळ्यांना सांगितलंय. ते खरंच असू दे. शेवटच्या टोकाला बसलेला तो टोपीवाला म्हातारा ताट पुढं करतोय. त्याला किती भूक लागली असेल. आधी त्याला वाढ.

पत्र संपलं. युगांडाभाऊ पत्राची घडी घालत बसला होता, ती चुकत होती आणि तो पुन्हा घालत होता.

"त्यानी माय काय म्हने? परत सांग," आबा म्हणाले.

मी शेवटचं तेवढं परत सांगितलं. आबा टोपी काढून, झटकून, पुन्हा घालून चार वाजताच्या एसटीने गेले. त्या दिवशी त्यांनी आमच्या स्वयंपाकात काय चुकलं तेही सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी आले तेव्हा खांद्यावर हिरवा घड होता. तो त्यांनी गोठ्यात न ठेवता सरळ युगांडाभाऊच्या हातात दिला. दुसऱ्या हातात एक पिशवी होती, ती अक्कांच्या पुढ्यात उपडी केली. ओट्यावरून कांदे घरंगळत पार अंगणात गेले.

"आते यानी माय करस तसं करा," आबा म्हणाले. "कांदा टाकीसन."

त्या दिवशी कुणाचाही उपास नव्हता. आबांनी दोनदा ताट पुढं केलं.